एजंट शोधावा की प्रकाशक? नव्या लेखकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळच्या पत्रांत विदर्भातल्या तालुक्याच्या गावांहून आणि खेड्यांतून लिहिणाऱ्यांचे प्रश्न जास्त आहेत. बहुतेकांचा मुद्दा एकच आहे : लिहून झालं, आता ते पुस्तक म्हणून बाहेर काढायला मधला माणूस कुठे शोधायचा? त्यामुळे हे पूर्ण सदर त्याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : माझी पहिली कादंबरी लिहून पूर्ण झाली आहे, सुमारे सत्तर हजार शब्दांची. इंटरनेटवर वाचलं की एजंटशिवाय आलेलं हस्तलिखित प्रकाशक उघडूनही पाहत नाहीत. अमरावतीला किंवा नागपूरला असा साहित्यिक एजंट मिळेल का?
*— एक वाचक, दर्यापूर*

उत्तर : मिळणार नाही, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. तुम्ही वाचलेला नियम लंडन-न्यूयॉर्कच्या इंग्रजी प्रकाशन व्यवसायातला आहे. तिथल्या अनेक मोठ्या प्रकाशनसंस्था एजंटमार्फत आलेलंच लेखन विचारात घेतात. मराठीत लेखक आणि प्रकाशक यांचा व्यवहार पहिल्यापासून थेट चालत आला आहे. मुंबई-पुण्याच्या मौज, राजहंस, पॉप्युलर यांसारख्या संस्था घ्या किंवा नागपूरचे प्रकाशक घ्या, लेखक स्वतः पत्र लिहितो आणि संपादक त्यालाच उत्तर देतो.

यामागे आकड्यांचं साधं कारण आहे. तुमच्या कादंबरीची किंमत ३५० रुपये, रॉयल्टी (विकलेल्या प्रतीमागे लेखकाला मिळणारा वाटा) दहा टक्के आणि पहिली आवृत्ती ५०० प्रतींची धरू. सगळ्या प्रती खपल्या तर तुम्हाला १७,५०० रुपये मिळतील. एजंटचा वाटा पंधरा टक्के धरला तर त्याच्या हाती येतील २,६२५ रुपये, आणि तेही वर्ष-दोन वर्षांनी. एवढ्यावर कुणी हस्तलिखितं वाचण्याचा धंदा चालवू शकत नाही. म्हणून मराठीत एजंट तयार झाले नाहीत.

मात्र एजंट जी कामं करतो ती कुणाला तरी करावीच लागतात, आणि आपल्याकडे ती लेखकाच्याच अंगावर येतात. योग्य प्रकाशक निवडणे, हस्तलिखित त्याला वाचावंसं वाटेल अशा रूपात पाठवणे, करार नीट वाचून घेणे, नंतर दरवर्षी विक्रीचा हिशेब मागणे, आणि अनुवाद-ऑडिओसारखे बाकीचे हक्क सांभाळणे. यातलं एकही काम असं नाही की जे दर्यापुरात बसून होणार नाही. पुढची उत्तरं याच कामांबद्दल आहेत.

प्रश्न : मग प्रकाशक निवडायचा कसा आणि पाठवायचं काय? माझा कथासंग्रह वहीत हाताने लिहिलेला आहे. इथल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घ्यावा का?
*— एक शिक्षिका, आर्वी*

उत्तर : सुरुवात गावातल्या सार्वजनिक वाचनालयातून करा. तालुक्याच्या 'अ' किंवा 'ब' वर्गाच्या वाचनालयात दरवर्षी नवी पुस्तकं येतात. गेल्या पाच वर्षांत आलेले, तुमच्या लेखनाच्या जातीचे दहा-बारा कथासंग्रह काढा. प्रत्येकाच्या सुरुवातीच्या पानामागे प्रकाशकाचं नाव, पत्ता, आवृत्तीचं वर्ष आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) छापलेला असतो, तो वहीत उतरवा. लेखकाने मनोगतात कुणा संपादकाचे आभार मानले असतील तर तेही लिहून ठेवा. ज्या प्रकाशकाची नावं पुन्हापुन्हा येतात, ज्याने नव्या लेखकांची पुस्तकं काढली आहेत आणि ज्याची छपाई तुम्हाला पटते, असे पाच-सहा जण निवडा. केवळ स्पर्धापरीक्षेची किंवा स्वयंपाकाची पुस्तकं काढणाऱ्याकडे कथासंग्रह पाठवला तर तो परतच येणार, आणि त्यात तुमच्या कथांचा काही दोष नसतो.

आपल्याकडे मोठी साहित्य संमेलनं होतात तेव्हा ग्रंथप्रदर्शनात राज्यभरातले प्रकाशक गाळे मांडतात. यवतमाळला २०१९ साली आणि वर्ध्याला २०२३ साली अखिल भारतीय संमेलन झालं, तिथे हे गाळे होते. अशा ठिकाणी पुस्तकं चाळा, यादी मागून घ्या, हस्तलिखितं कुणाच्या नावाने पाठवायची ते विचारा. पण गाळ्यावर गर्दीच्या वेळी कुणाच्या हातात वही देऊ नका. ती तिथेच राहून जाते.

आता टायपिंग. याच टप्प्यावर सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून सविस्तर सांगतो. तालुक्याच्या ठिकाणी लग्नपत्रिका आणि बॅनर करणारे बरेचसे डीटीपीवाले जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करतात. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, आणि तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की सगळं विस्कटतं. म्हणून काम देण्याआधी सांगा : मजकूर युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकावर किंवा मोबाइलवर मराठीच दिसते अशा पद्धतीत) हवा, वर्डच्या फाइलमध्ये हवा, आणि काम झाल्यावर मूळ फाइल पेन ड्राइव्हवर हवी, नुसती पीडीएफ नको. आधी दोन पानं करून घ्या, ती फाइल स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहा. तिथे नीट वाचता आली तर युनिकोड आहे असं समजा. दर पानावर ठरवताना पानाचा आकार आणि एका पानात ओळी किती तेही ठरवून घ्या, नाहीतर मोठी अक्षरं करून पानं वाढतात.

मोबाइलवर स्वतः टाइप केलं तर पैसे वाचतात, पण बोलून टाइप करण्याच्या सोयीवर फार भिस्त ठेवू नका. ती 'पण' आणि 'पन', 'आणि' आणि 'आनी' यांत घोळ घालते, विरामचिन्हं गाळते आणि बोलीतले शब्द स्वतःच्या मनाने बदलते. 'तो काहून आला' म्हटलं की 'तो कहून आला' असं काहीही उमटू शकतं. 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या' यांतला अर्धा र नीट उमटला आहे का तेही तपासा. टायपिंग झालं की सगळा मजकूर कागदावर छापून, मोठ्याने वाचत एकदा तपासा. पडद्यावर दिसत नाहीत त्या चुका कागदावर दिसतात.

मूळ वही कधीच पाठवू नका. झेरॉक्स काढा, शक्य असेल तर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. टाइप केलेली फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवली की पेन ड्राइव्ह खराब झाला तरी लेखन शाबूत राहतं.

प्रकाशकाला पहिल्यांदा सगळा संग्रह पाठवायचा नसतो. आधी फोन करून किंवा ईमेलवर दोन गोष्टी विचारा : सध्या कथासंग्रहाची हस्तलिखितं स्वीकारता का, आणि ईमेलने हवी की पोस्टाने. मग पाठवा :

एक पानाचं पत्र. संग्रहाबद्दल एक पानाचं टिपण, कादंबरी असेल तर शेवटासकट दोन पानांचा सारांश. आणि निवडक तीन कथा, किंवा कादंबरीची पहिली चाळीस-पन्नास पानं. फाइल वर्डची आणि सोबत तिचीच पीडीएफ, म्हणजे फॉन्टची अडचण आली तरी वाचता येतं. प्रत्येक पानावर क्रमांक, पहिल्या पानावर नाव, पत्ता, मोबाइल. फाइलला 'नवीन १' असं नाव न देता स्वतःचं आडनाव आणि पुस्तकाचं नाव द्या.

सारांशात शेवट लपवू नका. 'पुढे काय होतं ते वाचूनच कळेल' हे वाक्य पुस्तकाच्या मागच्या पानावर शोभतं. संपादकाला मात्र कथानक तडीला जातं की नाही हेच पाहायचं असतं.

पत्र साधं असावं. उदाहरणार्थ :

'सप्रेम नमस्कार. माझा अकरा कथांचा संग्रह प्रकाशनासाठी विचारात घ्यावा ही विनंती. कथा वर्धा जिल्ह्यातल्या शाळा आणि शेतमजूर कुटुंबांभोवतीच्या आहेत. एकूण शब्द सुमारे ४२,०००. यातल्या दोन कथा नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या आहेत, नावं आणि वर्षं सोबत दिली आहेत. आपल्या संस्थेने गेल्या काही वर्षांत काढलेले ग्रामीण कथासंग्रह मी वाचले आहेत, म्हणून हे आपल्याकडे पाठवते आहे. तीन कथा सोबत जोडल्या आहेत. हे हस्तलिखित सध्या अन्य कोणाकडे नाही. आपला निर्णय कळवावा.'

एवढं पुरे. मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र, सत्काराचे फोटो, 'माझ्या कथा वाचून सगळे रडले' असले उल्लेख नकोत.

दोन प्रकाशकांकडे एकाच वेळी पाठवणं मराठीत अजून रूढ नाही. पाठवायचंच असेल तर पत्रात तसं स्पष्ट लिहा. वाचायला तीन ते सहा महिने लागतात असं धरा. तीन महिन्यांनी एकदा नम्रपणे विचारा, सहा महिन्यांनी 'आता मी हे दुसरीकडे पाठवत आहे' असं कळवून मोकळ्या व्हा. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत बऱ्याच ठिकाणी दिवाळी अंकांची आणि सणाच्या पुस्तकांची घाई असते, त्या काळात उत्तर उशिरा येतं.

एक गोष्ट आणखी. संग्रहाआधी चार-पाच कथा नियतकालिकांत आणि दिवाळी अंकांत येऊ द्या. दिवाळी अंकासाठी मे-जूनमध्येच कथा पोहोचली पाहिजे. विदर्भ साहित्य संघ १९२३ सालापासून आहे, त्याचं 'युगवाणी' हे नियतकालिक आहे आणि अनेक गावांत शाखा आहेत. छापून आलेली एक कथा संपादकाला तुमच्याबद्दल जे सांगते ते पत्रातल्या चार परिच्छेदांनी सांगता येत नाही.

प्रश्न : मला एका गृहस्थांचा फोन आला. 'मी साहित्यिक एजंट आहे, पुण्याच्या मोठ्या प्रकाशनातून पुस्तक काढून देतो. नोंदणी पाच हजार, नंतर चाळीस हजार, आणि एक राज्यस्तरीय पुरस्कारही मिळवून देतो' असं म्हणाले. विश्वास ठेवावा का?
*— एक शेतकरी कवी, मेहकर*

उत्तर : पैसे देऊ नका. खऱ्या एजंटची कमाई लेखकाला मिळालेल्या पैशातल्या वाट्यातून होते, म्हणजे आधी तुम्हाला मिळतं, मग त्याला. जो तुमच्याकडून आधी घेतो तो छपाईचा दलाल आहे. त्याने ज्या प्रकाशनाचं नाव घेतलं तिथे स्वतः फोन लावा आणि 'हे गृहस्थ तुमच्या वतीने हस्तलिखितं घेतात का' एवढंच विचारा. पुरस्काराच्या नावाखाली प्रवेशशुल्क, ट्रॉफीचा खर्च किंवा सोहळ्याचा पास मागितला तर तो पुरस्कार विकत मिळतो आहे हे उघड आहे. संपादक अशा पुरस्काराला वजन देत नाहीत.

स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात मात्र कमीपणा काहीच नाही. कवितेच्या बाबतीत तर अनेकांना तोच रस्ता धरावा लागतो, कारण कवितासंग्रह स्वखर्चाने काढणारे प्रकाशक थोडे आहेत. पण मग तो व्यवहार छपाईचा आहे हे ओळखून करा. अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात या गोष्टी वेगवेगळ्या लिहून मागा : आकार डेमी की क्राउन, पानं किती, आतला कागद किती जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप), मुखपृष्ठाचा कागद कोणता, बांधणी कशी, प्रती किती, अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन त्यात धरलं आहे का, मुखपृष्ठाच्या चित्राचे पैसे कोण देणार, आणि प्रती मेहकरपर्यंत पोचवण्याचं भाडं कुणाचं.

डेमी आकारात सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा एक संच, होतो. पानं सोळाच्या पटीत बसवली तर कागद वाया जात नाही. ९६ पानं म्हणजे सहा फॉर्म. ९८ पानं झाली तर दोन पानांसाठी जादा छपाई करावी लागते, म्हणून दोन कविता कमी करणं शहाणपणाचं. आतला कागद ७० जीएसएमचा, किंचित पिवळसर छटेचा घेतला तर मागची अक्षरं फारशी दिसत नाहीत आणि डोळ्यांनाही बरं वाटतं. छापायला देण्याआधी शेवटचं प्रूफ कागदावर मागा आणि सही करून द्या. सहीनंतर निघालेली चूक तुमची धरली जाते.

पहिल्यांदा ५०० प्रती काढू नका. हल्ली मागणीनुसार छपाई होते, पन्नास किंवा शंभर प्रतीही काढता येतात. प्रतीमागचा दर थोडा जास्त पडतो, पण उरलेले गठ्ठे पावसाळ्यात ओल धरून खराब होण्यापेक्षा ते परवडतं.

आयएसबीएनसाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर त्यालाही नकार द्या. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था विनामूल्य देते आणि स्वतः पुस्तक काढणारा लेखकही ऑनलाइन अर्ज करू शकतो. आधार, छपाईला तयार असलेलं मुखपृष्ठ आणि पहिली पानं जवळ ठेवा. प्रकाशनाच्या तारखेच्या आधी पुरेसा वेळ हातात ठेवा, अर्जात त्रुटी निघाली की तो परत येतो.

प्रश्न : माझ्या कादंबरीतली माणसं वऱ्हाडी बोलतात. एका ओळखीच्यांनी सांगितलं की सगळं प्रमाण मराठीत करा, नाहीतर पुण्याचे संपादक वाचणार नाहीत. खरं आहे का?
*— एक वाचक, अकोट*

उत्तर : खरं नाही, आणि तुम्ही तसं करूही नका. बोली हीच तुमच्या कादंबरीची मोठी ताकद असू शकते. संपादक वैतागतात ते बोलीमुळे नाही, बोली एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर दुसरी झाल्यामुळे. एका ठिकाणी 'पाह्यजे', दुसरीकडे 'पायजे', तिसरीकडे 'पाहिजे' आलं की वाचणाऱ्याला ही चूक आहे की हेतू, तेच कळत नाही.

म्हणून एक वेगळं पान करा आणि तुमचे नेहमीचे पन्नासेक शब्द त्यावर एकाच रूपात लिहून ठेवा : काहून, माह्या, तुह्या, पाह्यजे, कोठी, जसे तुमच्या भागात बोलतात तसे. मग फाइलमध्ये शोधून सगळीकडे तेच रूप करा. हे पान हस्तलिखितासोबत पाठवलं तर मुद्रितशोधक तुमचे शब्द 'शुद्ध' करून टाकत नाही. हे फार वेळा होतं, आणि पुस्तक छापून आल्यावर लेखकाच्या लक्षात येतं.

निवेदन बोलीत ठेवायचं की फक्त संवाद, हे मात्र पहिल्या प्रकरणातच ठरवा. पात्रांमध्येही फरक ठेवा. अकोटची आजी आणि नागपुरात नोकरी करून आलेला नातू एकसारखं बोलत नाहीत. तळटिपा शक्यतो टाळा. वाक्यातून अर्थ कळेल अशी मांडणी केली की कोशाची गरज कमी पडते.

प्रश्न : नवलेखकांना शासनाचं अनुदान मिळतं म्हणतात. कसं?
*— एक वाचक, रिसोड*

उत्तर : महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ती पहिल्याच पुस्तकासाठी आहे. आधी एखादं पुस्तक प्रसिद्ध झालेलं असेल, मग ते स्वखर्चाने काढलेलं का असेना, तर तुम्ही तिच्यात बसत नाही. म्हणून घाईने चोपडं काढण्याआधी हा विचार करा. मंडळ दरवर्षी आवाहन करतं. ते वर्तमानपत्रांत आणि मंडळाच्या संकेतस्थळावर येतं. साहित्यप्रकारानुसार पानांची मर्यादा आणि अर्जासोबतचे कागद आवाहनात दिलेले असतात, ते तंतोतंत पाळा. निवड समिती हस्तलिखितं वाचून ठरवते, त्याला वेळ लागतो. मधल्या काळात तेच पुस्तक दुसरीकडून काढू नका.

प्रश्न : एका प्रकाशकाने माझी कादंबरी स्वीकारली आहे. करारनामा एक पानाचा आहे. त्यात 'लेखकाने सर्व हक्क प्रकाशकास कायमस्वरूपी दिले आहेत' असं वाक्य आहे आणि रॉयल्टी 'नियमाप्रमाणे' असं लिहिलं आहे. सही करू का?
*— एक वाचक, पुसद*

उत्तर : आहे तसा करू नका. स्वीकारल्याचा आनंद आहे, तो असावाच, पण या दोन्ही ओळी बदलून मागा. यात उद्धटपणा काही नाही. नीट प्रकाशकाला असे प्रश्न अपेक्षित असतात.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लिहिता क्षणीच हक्क लेखकाचा होतो आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीचाच करार लागतो. त्यात कोणतं पुस्तक, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे असायला हवं. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेतलेला हक्क प्रकाशकाने एक वर्षात वापरलाच नाही आणि करारात वेगळं काही नसेल, तर तो हक्क परत येतो. 'कायमस्वरूपी' असं लिहून दिलं की यातलं बरंचसं संरक्षण तुम्ही स्वतःच सोडून देता.

म्हणून असं मागा : फक्त मराठी छापील आवृत्तीचा हक्क, पाच किंवा सात वर्षांसाठी. ई-पुस्तक आणि ऑडिओ यांचा वेगळा उल्लेख आणि वेगळा दर. अनुवाद, चित्रपट, मालिका, नाट्यरूपांतर हे हक्क लेखकाकडे. स्टोरीटेलसारख्या सेवांमुळे मराठी ऑडिओला आता ग्राहक आहे, त्यामुळे तो हक्क फुकट देऊ नका.

रॉयल्टीचा आकडा आणि तो कशावर, दोन्ही लिहून घ्या. छापील किमतीवर दहा टक्के आणि निव्वळ विक्रीवर दहा टक्के यांत मोठा फरक पडतो. किंमत ३०० असेल तर पहिल्यात प्रतीमागे ३० रुपये. विक्रेत्याला चाळीस टक्के सूट दिल्यावर निव्वळ येतात १८०, त्यावर दहा टक्के म्हणजे १८ रुपये. पाचशे प्रतींवर १५,००० आणि ९,००० असा हिशेब होतो. नव्या लेखकाला साडेसात ते दहा टक्के हा मराठीत साधारण दिसणारा दर आहे.

आणखी चार ओळी घालून घ्या. पहिल्या आवृत्तीच्या प्रती किती. ३१ मार्चपर्यंतचा विक्रीचा हिशेब दरवर्षी ३० जूनच्या आत. लेखकाला मोफत प्रती किती आणि जादा प्रती कोणत्या सवलतीत. आणि पुस्तक सलग बारा महिने बाजारात उपलब्ध नसेल तर हक्क लेखकाकडे परत. ही शेवटची ओळ नसल्यामुळे कितीतरी चांगली पुस्तकं ना प्रकाशक छापतो, ना लेखक दुसरीकडे देऊ शकतो, अशी अडकून पडली आहेत.

'आमच्याकडे करार नसतो, विश्वासावर चालतं' असं कुणी म्हटलं तर हेच मुद्दे ईमेलवर लिहून पाठवा आणि 'मान्य' असं उत्तर मागा. सहीच्या कराराची जागा ईमेल घेत नाही, पण उद्या वाद झालाच तर काय ठरलं होतं ते तुमच्या हातात राहतं.

प्रश्न : मी झाडीपट्टीसाठी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रंगभूमीसाठी, नाटकं लिहितो. वडशाच्या एका नाटकमंडळीला संहिता दिली, एकरकमी पैसे घेतले, कागद काही केला नाही. आता दुसरी मंडळी तेच नाटक नाव बदलून करते आहे असं कळलं. काय करता येईल?
*— एक नाटककार, ब्रम्हपुरीजवळून*

उत्तर : एकरकमी पैसे घेतले म्हणून हक्क गेला असं होत नाही. लेखी करार नाही, म्हणजे तुम्ही हक्क विकलेला नाही. फार तर त्या मंडळीला प्रयोगाची परवानगी दिली आहे. दुसऱ्या मंडळीला तीही नाही. शिवाय 'लेखक मीच' हे सांगण्याचा हक्क विकल्यानंतरही लेखकाकडेच राहतो.

आधी पुरावे गोळा करा : तुमच्या हस्ताक्षरातली किंवा तारखेसह टाइप केलेली संहिता, पैसे मिळाल्याची नोंद, जुन्या प्रयोगाचं पोस्टर, नव्या प्रयोगाचं पोस्टर आणि शक्य असेल तर प्रयोगाचं चित्रीकरण. दोन्ही संहितांतले जुळणारे प्रवेश आणि संवाद शेजारी-शेजारी मांडा. नुसती कल्पना जुळली तर कायदा मदत करत नाही. संवाद, प्रवेशांचा क्रम, पात्रांची घडण जुळली पाहिजे. मग वकिलामार्फत नोटीस. हंगाम दिवाळीनंतरच्या मंडईपासून (गावच्या जत्रेपासून) फाल्गुनापर्यंतच असतो, त्यामुळे उशीर केला तर प्रयोग उरकून जातात.

पुढच्या नाटकाला आधीच सावध राहा. एका पानाचा कागद करा : ही संहिता अमुक मंडळीला, अमुक हंगामासाठी, अमुक इतक्या प्रयोगांसाठी, इतक्या रकमेत; त्यानंतर प्रतिप्रयोग इतके रुपये; इतर हक्क लेखकाकडे. नाटकाची संहिता तपासून प्रयोगासाठी प्रमाणपत्र देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता जाते तेव्हा तिच्यावर तुमचंच नाव आहे का ते पाहा आणि प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या. आणि संहिता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, छापील प्रत द्या आणि घेणाऱ्याची सही घ्या.

प्रश्न : माझी मराठी कादंबरी इंग्रजीत जावी असं वाटतं. त्यासाठी तरी एजंट लागेल का?
*— एक वाचक, वरोरा*

उत्तर : इथे मात्र उपयोग होतो. दिल्लीची रायटर्स साइड, जयपूरची सियाही अशा एजन्सी प्रामुख्याने इंग्रजी पुस्तकांसाठी काम करतात. त्यांच्या संकेतस्थळावर काय आणि कसं पाठवायचं ते दिलेलं असतं, आधी ते वाचा. तुमच्याकडे तीन गोष्टी हव्यात : अनुवादाचा हक्क तुमच्याकडेच आहे याची खात्री, चांगल्या अनुवादकाने केलेली वीस-तीस पानं, आणि इंग्रजीत एक पानाचं पत्र व दोन पानांचा सारांश. मराठी आवृत्तीला आलेली परीक्षणं, पुरस्कार आणि आवृत्त्या यांचा एका परिच्छेदात उल्लेख करा.

नमुन्याच्या पानांसाठी अनुवादकाला मानधन द्या आणि पुस्तक स्वीकारलं गेलं तर रॉयल्टी कशी वाटायची ते आधीच लेखी ठरवा. मशीनने केलेला अनुवाद पाठवू नका. पहिल्या परिच्छेदात तो ओळखू येतो.

एजंटशी करार करताना पाहा : कमिशन किती (साधारण दहा ते वीस टक्के), ते फक्त त्याने मिळवून दिलेल्या व्यवहारांवर आहे ना, करार किती काळाचा आणि किती दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो, आणि पैसे त्याच्याकडे आल्यावर किती दिवसांत तुम्हाला मिळणार. वाचनशुल्क मागणाऱ्याकडे जाऊ नका. एजंट नाही मिळाला तरी अडत नाही. भारतातले काही इंग्रजी प्रकाशक अनुवादाचे प्रस्ताव थेटही पाहतात.

प्रश्न : हस्तलिखित पाठवलं की कुणी चोरेल अशी भीती वाटते. स्वतःलाच पोस्टाने पाठवून पाकीट न उघडता ठेवलं तर चालतं का?
*— एक वाचक, साकोली*

उत्तर : त्याने वेगळा हक्क मिळत नाही. हक्क तुम्ही लिहिलं तेव्हाच तुमचा झाला. तारखेचा पुरावा हवा असेल तर ज्या ईमेलने प्रकाशकाला फाइल पाठवली ती जपून ठेवा, पोस्टाने पाठवलं तर स्पीड पोस्टची पावती ठेवा. अधिकृत नोंदणी हवी असेल तर कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे, आणि कुणाला हरकत घ्यायची असेल तर त्यासाठी अर्जानंतर तीस दिवस थांबावं लागतं. नोंदणी सक्तीची नाही. कथा-कादंबरीसाठी ती करूनच पाठवायला हवं असं नाही; नाटक किंवा पटकथा अनेकांच्या हातात जाणार असेल तर केलेली बरी.